पाच व्होल्ट जातात कुठे?

नव्वदच्या दशकात ठाणे, डोंबिवली आणि कल्याणमध्ये स्टेशनांच्या आसपासच्या गाळ्यांत व्हिडिओ गेमची जी कपाटं उभी होती, त्यांतली बरीचशी भंगारात गेली. जी उरली ती आता हौशी मंडळींच्या घरी पोचू लागली आहेत. कपाट प्लायवूडचं, आत गेमचा बोर्ड बहुधा कॅपकॉमचा किंवा त्याची नक्कल. १९९१चा ‘स्ट्रीट फायटर टू’ नाहीतर १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. या दुसऱ्याला आपल्याकडे सगळे ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखतात. असं कपाट बऱ्याच वर्षांनी चालू केलं की लक्षणं साधारण सारखीच दिसतात. पडद्यावर रंगीत चौकोनांचा कचरा येतो, गेम सुरू होऊन मधेच पहिल्यापासून सुरू होतो, किंवा दहा मिनिटं नीट चालतो आणि मग गोठतो. मग कुणीतरी मागचं दार उघडतो, आतली वीज पुरवणारी पत्र्याची जाळीदार पेटी दाखवतो आणि सांगतो, “एसएमपीएस गेला, नवा टाका.” माझं म्हणणं असं की हा निकाल बहुतेक वेळा पुराव्याआधी दिला जातो. पाच व्होल्ट तयार होतात की नाही, हा एक प्रश्न. तयार झालेले पाच व्होल्ट बोर्डापर्यंत पोचतात की नाही, हा दुसरा. जुन्या कपाटात उत्तर दुसऱ्या प्रश्नात सापडण्याची शक्यता जास्त असते, आणि तपासणी मात्र पहिल्यावरच थांबते.

आधी ही पेटी काय देते ते पाहू. १९८५मध्ये जपानी कंपन्यांच्या संघटनेने ‘जामा’ नावाची जोडणी ठरवून दिली. बोर्डाच्या कडेला ५६ संपर्क, एका बाजूला २८ आणि दुसऱ्या बाजूला २८, दोन संपर्कांतलं अंतर ३.९६ मिलिमीटर. गेम बदलायचा तर एक बोर्ड ओढून काढायचा आणि दुसरा खोचायचा. छोट्या गाळ्यातला धंदा या सोयीवर चालला. या ५६पैकी पाच व्होल्टसाठी चार संपर्क राखलेले आहेत, ग्राउंडसाठी आठ, बारा व्होल्टसाठी दोन आणि उणे पाच व्होल्टसाठी दोन. बारा व्होल्ट मुख्यतः आवाजाच्या ॲम्प्लिफायरला लागतात. उणे पाच बऱ्याच बोर्डांना लागतच नाहीत. खरा भार पाच व्होल्टवर असतो, बोर्डानुसार साधारण तीन ते सहा अँपिअर. त्या काळच्या ७४ मालिकेतल्या आयसींना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवे असतात. म्हणजे खाली घसरायला जागा आहे पाव व्होल्टची. बारा व्होल्टच्या लाइनीत पाव व्होल्ट कमी झाला तर कुणाला कळणारही नाही. पाचच्या लाइनीत तेवढ्यावर गेमचं गणित चुकायला लागतं. बऱ्याच जपानी बोर्डांवर एमबी३७७१सारखी व्होल्टेजवर पहारा देणारी चिप असते. पाचाची लाइन ४.२च्या आसपास आली की ती गेमला रीसेट देते. मोठा धमाका वाजतो त्या क्षणीच गेम पहिल्यापासून सुरू होत असेल तर संशय इथेच घ्यावा, कारण आवाजाचा झटका त्याच ग्राउंडवरून परत जातो.

आता जरा आकडेमोड, कारण सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे. समजा एसएमपीएस कपाटाच्या तळाशी आहे, बोर्ड दीड मीटर अंतरावर आहे आणि वायरिंग करणाऱ्याने पाच व्होल्टला एक आणि ग्राउंडला एक अशा एक एम.एम.च्या दोन वायरी ओढल्या आहेत. एक चौरस मिलिमीटरच्या फ्लेक्सिबल तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स मीटरमागे सुमारे साडेएकोणीस मिलिओहम. जाऊन-येऊन तीन मीटर म्हणजे जवळपास ५८ मिलिओहम. पाच अँपिअर करंटला एवढ्याच वायरीत ०.२९ व्होल्ट जातात. पेटीच्या स्क्रूवर ५.०५ असले तर बोर्डाला ४.७६ मिळतात, म्हणजे अजून कशीबशी हद्दीत. आता कनेक्टरचे दोन संपर्क काळे पडले आणि प्रत्येकी २० मिलिओहमचा अडथळा झाला असं धरा. आणखी ०.२ व्होल्ट गेले, बोर्डावर उरले ४.५६. पेटी पूर्ण निर्दोष आहे, वायर कुठे तुटलेली नाही, जळका वास नाही, आणि गेम चालत नाही. याच वायरी अडीच एम.एम.च्या असत्या तर वायरीतली घट ०.१२ व्होल्टवर आली असती. चारही संपर्कांना स्वतंत्र वायर दिली असती तर एकेका संपर्कावरचा करंट चौथाई झाला असता. चार आणि आठ संपर्क राखले आहेत ते यासाठीच. वायरिंग करताना वायर वाचवायला त्यांतला एकेकच वापरला जातो, आणि नवं असताना ते खपूनही जातं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: “वायर तपासली, बझर वाजतोय.” मल्टिमीटरचा बझर साधारण तीस-पन्नास ओहमपर्यंत वाजतो. आपण शोधतोय तो दोष त्याच्या हजारपट लहान आहे. ओहमच्या रेंजवर लावलं तरी साध्या मीटरच्या प्रोबच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.२-०.३ ओहम असतो, त्यात २० मिलिओहम दिसणार कुठे? म्हणून हा दोष वीज बंद ठेवून सापडतच नाही. करंट वाहत असताना वायरीच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट पडतात हे मोजावं लागतं. मोटवाने किंवा मेकोचा साधा मीटर याला पुरतो. २०० मिलिव्होल्टची रेंज असली की झालं.

मोजायला बसण्याआधी जिवाची काळजी. एसएमपीएसच्या आत २३० व्होल्ट एसीचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरांत काही काळ टिकतात. पिक्चर ट्यूबच्या ॲनोडवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे मॉनिटरची चेसिस. कपाटात साध्या कलर टीव्हीची चेसिस बसवलेली असेल आणि मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल, तर तिचं ग्राउंड थेट मेन्सशी जोडलेलं असू शकतं. अशा वेळी त्या पत्र्याला हात लावणं किंवा मीटरचा काळा प्रोब तिथे टेकवून गेम बोर्ड मोजणं जिवावर बेतू शकतं. कपाट लाकडी असलं तरी नाण्यांचं दार आणि कंट्रोल पॅनेल धातूचं असतं आणि मुलांचे हात तिथेच असतात. त्यामुळे तीन पिनांची कॉर्ड आणि चालू अर्थिंग यावर तडजोड नको. कल्याणच्या जुन्या वाड्यांत किंवा चाळींत दोन-पिनी वायरिंग अजून असेल तर कपाट तिथे लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. या लेखातलं काम पेटीच्या बाहेरचं, कमी व्होल्टेजच्या बाजूचं आहे. मेन्सच्या बाजूला हात घालायचा तर ते ज्याला येतं त्यानेच करावं.

प्लग लावताना सिरीज बोर्ड वापरा. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या टेबलावर असतो तोच, फेजमध्ये १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब. मॉनिटरचा प्लग वेगळा काढून ठेवा, नाहीतर डिगॉसिंग कॉइलमुळे बल्ब उगाच पेटेल. गेम बोर्डही काढून ठेवा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर मेन्सच्या बाजूला शॉर्ट नाही असं समजावं. पूर्ण प्रकाशात पेटून राहिला तर शॉर्ट आहे. तिथे खरोखर पेटीच दोषी आहे आणि पुढचं काही मोजायची गरज नाही. फ्यूजही बोलतो. काच आतून काळी झाली असेल तर शॉर्टचा झटका बसलेला आहे. तार नुसती मधे तुटली असेल तर ती थकून किंवा किरकोळ ओव्हरलोडने गेली असू शकते. त्याच्या जागी जाड फ्यूज किंवा तांब्याचा तुकडा बसवणाऱ्याला मी दुरुस्ती करणारा म्हणणार नाही.

बल्बची परीक्षा पार पडली की सिरीज काढा, बोर्ड खोचा, गेम चालू करा आणि मग मोजा. काळा प्रोब गेम बोर्डावरच्या एखाद्या १४ पायांच्या ७४ मालिकेच्या आयसीच्या सातव्या पायावर, लाल प्रोब चौदाव्यावर. १६ पायांची असेल तर बहुतेकदा आठवा आणि सोळावा. प्रोब घसरून दोन पाय जोडले जाण्याची भीती वाटत असेल तर जवळच्या मोठ्या कंडेन्सरचे दोन पाय घ्या. इथे जो आकडा येतो तोच गेमच्या दृष्टीने खरा. आता लगेच पेटीच्या स्क्रूवर तोच आकडा घ्या. दोन्हींत ०.१५ व्होल्टपेक्षा जास्त फरक पडला तर व्होल्ट वाटेत जातायत. कुठे जातायत ते शोधायला लाल प्रोब पेटीच्या पाच व्होल्टच्या स्क्रूवर ठेवा आणि काळा टप्प्याटप्प्याने पुढे न्या: स्क्रूखालचा लग, वायरीचा जोड, कनेक्टरची मागची पिन, बोर्डाच्या कडेचा पट्टा, शेवटी आयसीचा पाय. प्रत्येक टप्प्यावर काही मिलिव्होल्ट वाढतील. जिथे एकदम शंभर-दीडशेची उडी पडते तिथे दोष आहे. हेच सगळं ग्राउंडच्या बाजूला पुन्हा करा. ग्राउंडची बाजू मोजायचा लोकांना कंटाळा येतो, कारण “ग्राउंड म्हणजे शून्य” असं डोक्यात बसलेलं असतं. पण जेवढा करंट पाचच्या वायरीतून जातो, जवळजवळ तेवढाच ग्राउंडमधून परत येतो, आणि वर बारा व्होल्टचाही. वायरी सारख्याच असतील तर तिथली घट लाल बाजूपेक्षा जास्त असेल, कमी नाही.

उडी बहुतेकदा कनेक्टरमध्ये सापडते, आणि आपल्या भागात त्याला कारणंही आहेत. खाडीकाठची हवा, जूनपासून सप्टेंबरपर्यंतची ओल, आणि बंद गाळ्यात महिनोन्‌महिने उभं राहिलेलं कपाट. डोंबिवलीत आणखी एक गोष्ट आहे. एमआयडीसीचे रासायनिक कारखाने वस्तीला खेटून आहेत. जानेवारी २०१४मध्ये तिथे हिरवा पाऊस पडल्याच्या बातम्या आल्या आणि फेब्रुवारी २०२०मध्ये एक रस्ताच गुलाबी झाला. हवेत गंधकाची संयुगं असली की तांबं आणि चांदी काळी पडते, हे रसायनशास्त्र जुनं आहे. कंट्रोल रूमसाठी असलेल्या एका आंतरराष्ट्रीय मानकात तांब्याची पट्टी महिनाभर खोलीत ठेवून तिच्यावर चढलेला थर मोजतात, आणि तो ३०० अँगस्ट्रॉमच्या आत असला तरच हवा सौम्य मानतात. घरी अँगस्ट्रॉम मोजता येत नाहीत, पण घासून चकचकीत केलेली तांब्याची तार महिनाभर कपाटात ठेवून ती किती काळवंडते एवढं बघता येतं. त्यावरून कनेक्टर वर्षातून एकदा तपासायचा की दोनदा, हे ठरवा. बोर्डाच्या कडेचे पट्टे साध्या खोडरबराने घासावेत, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसावेत. पॉलिश पेपर लावू नये. पट्ट्यावर सोन्याचा पातळ मुलामा असेल तर तो जातो, उघडं तांबं राहतं आणि ते जास्त वेगाने काळं पडतं. डब्ल्यूडी-४० मारण्याची सवय दुकानांत आहे, पण त्याचा तेलकट थर धूळ धरतो. कनेक्टरची पिन तपकिरी झाली असेल, आजूबाजूचं प्लास्टिक पिवळं पडलं असेल, तर साफसफाईचा उपयोग नाही. तापून पिनेचा ताण गेलेला असतो आणि तो परत येत नाही. २८ अधिक २८चा एज कनेक्टर नवा घ्या, पाच व्होल्टच्या चारही आणि ग्राउंडच्या आठही पिनांना वायर द्या, आणि त्या वायरी पेटीपर्यंत वेगवेगळ्या न्या किंवा अडीच एम.एम.च्या जाड वायरीवर एकत्र करा. वस्तूंची यादी घरीच पक्की करा. डोंबिवलीहून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायचं म्हणजे दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, आणि एका लगसाठी दुसऱ्यांदा जाण्यात शनिवार जातो.

दुसरा आक्षेप जास्त मोहात पाडणारा आहे. पेटीवर पाच व्होल्ट कमीजास्त करायचा छोटा पॉट असतो. तो थोडा फिरवला की बोर्डावरचे ४.५६ पुन्हा पाच होतात आणि गेम चालू. मग एवढी शोधाशोध कशाला? गेम चालू होतो हे मी नाकारत नाही. पण पॉट फिरवल्याने अडथळा कमी झालेला नसतो, तो फक्त झाकला जातो. समजा बोर्डाला पाच मिळावेत म्हणून पेटीवर ५.५ केले. अर्धा व्होल्ट आणि पाच अँपिअर म्हणजे अडीच वॅटची उष्णता वाटेत कुठेतरी तयार होतेय, आणि तिचा काही भाग नखाएवढ्या पिनेत. पिन तापते, तापल्याने आणखी काळी पडते, रेझिस्टन्स वाढतो, पुन्हा पॉट फिरवावा लागतो. मग एके दिवशी कुणीतरी कनेक्टर काढून साफ करतो, अडथळा जातो, आणि बोर्डाला थेट साडेपाच व्होल्ट लागतात. शिवाय स्वस्त एसएमपीएसमध्ये नियंत्रण फक्त पाचाच्या लाइनीवर असतं आणि बाराची लाइन तिच्या मागोमाग वर जाते. पाचाचे साडेपाच केले तर बाराचे तेराच्या वर जातात आणि आवाजाचा ॲम्प्लिफायर गरम होतो. पॉटचा योग्य उपयोग आहे, पण शेवटी. वाट साफ झाल्यावर बोर्डावर ५.०० ते ५.०५ येईल एवढंच फिरवा. त्यासाठी पेटीवर ५.२च्या वर जावं लागत असेल तर वाट अजून साफ झालेली नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि त्यात तथ्य आहे. नवा एसएमपीएस फार महाग नाही, कामगाराचा तास त्याहून महाग, मग बदलूनच का टाकू नये? बदलल्यावर गेम चालतो असा अनुभवही लोक सांगतात. पण बदलताना सगळे स्क्रू सोडले जातात, लग पुन्हा घट्ट बसतात, कनेक्टर एकदा तरी ओढून पुन्हा खोचला जातो. दोष जो हलला तो नेमका यातल्या कशाने, हे नव्या पेटीवरून कळत नाही, आणि काही आठवड्यांत तो परत आला की नव्या पेटीलाही “डुप्लिकेट माल” म्हणून शिवी पडते. पेटी खरोखर म्हातारी झालेली असते हेही खरं. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, आणि बंद कपाटात एप्रिल-मेमध्ये पेटीच्या आत पंखा नसेल तर काय होत असेल त्याचा अंदाज करा. म्हणून पेटी दोषी ठरवायचीच असेल तर तिला एकटीला भाराखाली उभी करा. १ ओहमचा ५० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर पत्र्यावर स्क्रूने बसवून पाचाच्या लाइनीवर लावा. पाच अँपिअर ओढले जातील आणि तो चांगलाच तापेल. गाडीच्या हेडलाइटचा बल्ब लावायचा जुगाड प्रचलित आहे, पण थंड फिलामेंट पहिल्या क्षणी कितीतरी पट करंट ओढतो आणि चांगली पेटीसुद्धा संरक्षण म्हणून बंद पडते. रेझिस्टरवर अर्धा तास पाच व्होल्ट स्थिर राहिले तर पेटी निर्दोष. नाही राहिले, किंवा टिक टिक करत चालूबंद होऊ लागली, तर जरूर बदला. भाराविना घेतलेल्या रीडिंगवर मात्र विश्वास ठेवू नका. अनेक पेट्या किमान भार मिळाल्याशिवाय नीट चालतच नाहीत, आणि मरायला टेकलेली पेटीही भाराविना ५.०० दाखवते.

नव्या पेटीसाठी एक सावधगिरी. बऱ्याच एसएमपीएसना ११५ आणि २३०चा छोटा सरकता स्विच असतो. ११५वर ठेवला की आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करतं. त्यावर आपले २३० दिले तर चारशे व्होल्टच्या तयारीने बसवलेल्या कंडेन्सरांच्या जोडीवर साडेसहाशे येतात आणि ते आवाज करून फुटतात. प्लग लावण्याआधी टॉर्चने तो स्विच बघा.

लहरी, म्हणजे रिपल, मोजायला मीटर एसी रेंजवर लावून बोर्डावरचे पाच व्होल्ट बघा. पन्नास मिलिव्होल्टच्या वर आकडा जात असेल तर कंडेन्सर सुकलेत. साधा मीटर एसएमपीएसच्या वेगवान लहरी नीट पकडत नाही, म्हणून आकडा कमी आला यावर निर्धास्त होऊ नये. इथे एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकन पुस्तकांत लिहिलेलं असतं की सप्लायचा हम पडद्यावर हळूहळू वर सरकणाऱ्या पट्ट्यांच्या रूपात दिसतो. तिथे वीज ६० हर्ट्झची आणि गेमचं चित्रही सेकंदाला जवळपास ६० वेळा बदलणारं, म्हणून पट्टा सावकाश सरकतो. आपली वीज ५० हर्ट्झची. तोच दोष इथे झपाट्याने धावणाऱ्या पट्ट्या किंवा थरथरतं चित्र म्हणून दिसेल, आणि पुस्तक वाचून बसलेला माणूस मॉनिटर खोलेल. चित्र आक्रसणं, एका बाजूने दुमडणं, रंग उडणं ही लक्षणं मात्र खरोखर मॉनिटरची आहेत. नाणं टाकल्यावर आवाज येतोय पण पडदा काळा आहे, तेव्हा पेटीला हात लावू नका.

कॉम्प्युटरचा जुना एटीएक्स सप्लाय लावण्याचा सल्लाही मिळेल. हिरवी वायर काळीला जोडली की तो चालू होतो, फुकटात मिळतो, पाच व्होल्टला भरपूर अँपिअर. चाचणीपुरता ठीक आहे. पण त्याचे पाच व्होल्ट वाढवता येत नाहीत, त्यामुळे वायरिंग निर्दोष असणं आणखीच गरजेचं होतं. आणि उणे पाच व्होल्ट एटीएक्सच्या मानकातून २००३च्या सुमारास वगळले गेले. १९८१च्या ‘डिफेंडर’सारख्या जुन्या बोर्डांवरच्या ४११६ मेमरी चिपांना उणे पाच मिळाले नाहीत आणि बारा मिळाले, तर त्या जळतात. असे बोर्ड आपल्याकडे विरळा. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हा प्रयोग करू नये.

“महावितरणचा व्होल्टेज कमीजास्त होतो, म्हणून गेम अडकतो,” असंही ऐकू येतं. स्विच २३०वर असलेली पेटी साधारण १८० ते २६४ व्होल्टमध्ये तेच पाच व्होल्ट देते, म्हणूनच तिला स्टॅबिलायझर लागत नाही. शंका असेल तर दोन मीटर लावा, एक सॉकेटवर आणि एक बोर्डावर. सॉकेटचा आकडा हलला आणि बोर्डाचा नाही, तर लाइनीला दोष देऊ नका. एक अपवाद गंभीर आहे. इमारतीच्या मीटररूममधला सामायिक न्यूट्रल सैल झाला तर एका फेजवर चारशेच्या जवळपास व्होल्ट येऊ शकतात. दिवे अचानक प्रखर झाले, पंखे जोरात फिरू लागले तर कपाटाचा प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या अटारी किंवा ‘पॅकमॅन’च्या कपाटांत मोठा ट्रान्सफॉर्मर असलेला साधा सप्लाय असतो. तिथे लाइनीचा परिणाम होतो. त्यातला ट्रान्सफॉर्मर फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर तो जास्त तापतो आणि घुमतो. ‘पॅकमॅन’मध्ये तर सुमारे सात व्होल्ट एसी थेट बोर्डावर जातात आणि एज कनेक्टरची जळलेली पिन हा त्याचा जगभर माहीत असलेला आजार आहे. पेटीचा प्रकार वेगळा असला तरी दोषाची जागा तीच.

वाट साफ आहे, बोर्डावर पाच व्होल्ट आहेत, लहरी कमी आहेत आणि तरीही गेम चालत नाही, तेव्हा सप्लायचा विषय संपला असं मानून बोर्डाकडे वळावं. ‘कॅडिलॅक्स’च्या अस्सल बोर्डावर एक लिथियम बॅटरी असते आणि ती मेली की बोर्डावरच्या चिपांनी जपून ठेवलेली माहिती पुसली जाते. मग कितीही चांगली पेटी लावा, उपयोग नाही. नकली बोर्डांना ही भानगड नसते, हा नकलेचा एक अनपेक्षित फायदा.

राहिला पाण्यात उभ्या राहिलेल्या कपाटाचा प्रश्न. २६ जुलै २००५ला आणि जुलै २०१९मध्ये उल्हास नदीचं पाणी बदलापूर-कल्याण पट्ट्यात ज्या पातळीला आलं, त्यात तळमजल्यावरचं काहीही बुडालं असतं. अशा कपाटाचा एसएमपीएस वाचवण्याच्या फंदात पडू नये. इथे मी तिसऱ्या आक्षेपाला बिनशर्त मान देतो: पेटी फेकून नवी घ्या, कारण मेन्सच्या बाजूला साचलेला गाळ सुकल्यावरही ओल धरतो. गेम बोर्ड मात्र स्वच्छ पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन आठवडाभर सुकवला तर बऱ्याचदा वाचतो, बॅटरी आधी काढलेली असेल तर. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर ठेवायचा असेल तर इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने त्याच्या वाइंडिंग आणि गाभ्यामधलं इन्सुलेशन तपासून घ्या. आकडा मेगओहममध्ये येत नसेल तर तोही भंगारात. वायरिंगचा संपूर्ण जुडगा बदला, साफ करू नका, कारण पाणी वायरीच्या आवरणाखाली केशाकर्षणाने फूटभर आत चढलेलं असतं आणि तिथलं तांबं काळं पडत राहतं. नवं वायरिंग घातल्यावर गेम दोन तास सलग चालू ठेवा, मग वीज चालू असतानाच पेटीचा स्क्रू आणि बोर्डाचा पाय यांच्यातला फरक दोन्ही बाजूंनी पुन्हा मोजा, आणि ते दोन आकडे तारखेसह मागच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यानंतर जो कोणी मीटर घेऊन येईल त्याला तुलना करायला काहीतरी असेल.